पान एक्कावन्नची लाट

"क्षिप्रा मॅडम, मी तुमच्या पुस्तकात चार वेळा मेले. त्यातल्या तीन वेळा बरोबर मेले. चौथ्या वेळी मी मरायला नको होते."

पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर होतं. निळ्या पेनाने लिहिलेलं, आणि 'नको' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या. प्रकाशकांच्या पत्त्यावर आलेलं ते पत्र त्यांनी पुढे पाठवलं होतं. क्षिप्रा बेलापूरच्या आपल्या फ्लॅटमध्ये ओट्यापाशी उभी राहून ते वाचत होती. गॅसवर चहा होता. तो उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पान ४२ वर तुम्ही विचारता की होडीत बसणार की चालत खाडी ओलांडणार. मी चालत गेले. पान ५१ वर मोठी लाट आली आणि मी बुडाले. पण पान ९ वर मिठागरातल्या बाई म्हणतात की उद्या अष्टमी आहे. अष्टमीला दुपारी बारा वाजता आमच्या खाडीत ओहोटी असते. मी नानांना विचारले. ते म्हणाले की भांगाला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीला, असली लाट येत नाही. उलट होडीच चिखलात रुतेल. म्हणजे मी बरोबर होते आणि होडीवाले चूक. कृपया सुधारावे. आमच्या शाळेतल्या पुस्तकात मी चिठ्ठी चिकटवली आहे. आपली वाचक, सईदा शोएब मुकादम, इयत्ता सहावी, उरण."

खाली आईचा मोबाइल नंबर होता.

क्षिप्राने पत्र दोनदा वाचलं आणि मग ओटा पुसायला घेतला. पुसता पुसता तिला हसू येत होतं आणि थोडा रागही.

सहा वर्षांपूर्वीपर्यंत ती महापेच्या एका कंपनीत मशीनची माहितीपुस्तकं लिहायची. हिरवा दिवा लागत नसेल तर पान बारा पाहा, लागत असेल तर पान चौदा पाहा, असली. एके दिवशी तिच्या मनात आलं की हीच युक्ती गोष्टीत वापरली तर? वाचणाऱ्या मुलाने स्वतः ठरवायचं की पुढे काय करायचं, आणि त्याप्रमाणे पान उघडायचं. त्यात तिने आपली आवड घातली, जुना काळ. आजचा मुलगा किंवा मुलगी कुठल्या तरी कारणाने दोनशे, तीनशे, हजार वर्षं मागे जाऊन पडते आणि परत यायची वाट शोधते. 'मागे वळ' या नावाने तिची चार पुस्तकं निघाली. शाळांनी ती घेतली. मुलं एका पुस्तकासाठी भांडतात, असं शिक्षक कळवायचे.

चौथं पुस्तक तीनशे वर्षांपूर्वीच्या खाडीकाठचं होतं. मिठागरात काम करणाऱ्या बाईकडून रात्री एक निरोप घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपार टळायच्या आत खाडीपलीकडच्या गढीवर पोचवायचा, एवढंच काम. गाव तिने कल्पनेतलं घेतलं होतं, गढीही. पण बाकीच्या गोष्टी तिने कसून तपासल्या होत्या. अंगावरचे कपडे, मिठाची मापं, भाकरी कशाची, दिव्यात तेल कुठलं. त्यासाठी ती वाचनालयांत महिनोन्‌महिने बसली होती.

अष्टमी मात्र तिने तपासली नव्हती. अर्धा चंद्र मिठाच्या ढिगांवर छान दिसेल म्हणून घातली होती, बस.

तिने प्रकाशकांना फोन लावला. नंदकुमार साठीचे गृहस्थ होते, वाशीला त्यांचं छोटं ऑफिस होतं.

"वाचलंत ना पत्र? गोड आहे पोरगी," ते म्हणाले. "छानसं उत्तर पाठवा. सही करून एक पुस्तक पाठवा."

"पण तिचं म्हणणं बरोबर असेल तर?"

"क्षिप्राताई, दुसरी आवृत्ती पंधरा दिवसांनी छपाईला जाते. अष्टमीची पौर्णिमा करा, एक शब्द बदला, विषय मिटला."

ते सोपं होतं. क्षिप्राने पुस्तक उघडून पान नऊवरच्या 'अष्टमी'वर पेन्सिलीने रेघ मारलीही. पण लगेच तिला प्रश्न पडला की पौर्णिमेला दुपारी बारा वाजता तरी पाणी असतं का? तिला माहीत नव्हतं. चौदा वर्षं ती बेलापूरला राहत होती. खाडी तिच्या इमारतीपासून चालत दहा मिनिटांवर होती. आणि पाणी कधी येतं, कधी जातं, हे तिने कधीच बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती छत्री घेऊन खाडीवर गेली. पाणी काठाला भिडलं होतं. तिसऱ्या दिवशी त्याच वेळी गेली तर ते अजून चढतच होतं, आणि काठ भरायला पाऊण तास लागला. चौथ्या दिवशी आणखी उशीर झाला. पाचव्या दिवशी बाराला काठाचे दगड बऱ्यापैकी उघडे होते आणि पाणी अजून अर्ध्यावरच होतं. जेट्टीवर जाळं शिवत बसलेल्या माणसाला तिने विचारलं, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "तिथीची पाऊणपट करायची, मॅडम. चौथ असली तर चार पाऊण तीन. तीन वाजता भरती."

"आणि अष्टमीला?"

"आठ पाऊण सहा. सकाळी सहा, संध्याकाळी सहा."

म्हणजे बाराला ओहोटी. क्षिप्रा तिथेच कठड्यावर टेकली. तिला एकदम वाटून गेलं की पहिल्या आवृत्तीच्या तीन हजार वाचकांना तिने उगाचच बुडवलं होतं.

घरी आल्यावर तिने सईदाच्या आईला फोन केला. सबिहा आधी घाबरली. मुलीने काहीतरी आगाऊपणा केला आणि आता शाळेत तक्रार जाणार, असं तिला वाटलं. तक्रार नाही हे कळल्यावर तिने फोन सईदाकडे दिला.

"मॅडम, तुम्ही चूक सुधारली का?" सईदाने विचारलं.

"अजून नाही. मला आधी बघायचंय."

"मग शनिवारी या. शनिवारी अष्टमी आहे. मी कॅलेंडर बघितलं."

शनिवारी सकाळी क्षिप्रा बेलापूरहून उरणच्या गाडीत बसली. डब्यात जेमतेम दहा जण होते. बाहेर आधी डोंगर, मग खारफुटी, मग कंटेनरच्या रंगीत भिंती. स्टेशनबाहेर सईदा आणि सबिहा रिक्षा घेऊन थांबल्या होत्या. सईदा अंगाने बारीक होती, कपाळावर हिरवा स्कार्फ घट्ट बांधलेला, आणि हातात शाळेचं पुस्तक. पान एक्कावन्नच्या जागी खरोखरच एक पिवळी चिठ्ठी चिकटवली होती. 'इथे थांबू नका. हे चूक आहे. पुढे पान ६३ वर जा.'

"सरांनी चालवून घेतलं?"

"सरांनी ५१ वर जाऊन बघितलं आणि हसले," सईदा म्हणाली.

त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं. घराच्या मागे बांध आणि बांधापलीकडे खाडी. सईदाचे वडील शोएब कंटेनर यार्डात ड्युटीवर गेले होते. सईदाचे नाना, म्हणजे सबिहाचे वडील अब्दुल्ला, ओट्यावर बसले होते. वय सत्तरच्या पुढे, पायांचे पंजे रुंद, बोटं पसरलेली. लहानपणी मिठागरात, मग तीस वर्षं माल वाहणाऱ्या होडीवर, मचव्यावर. त्यांनी क्षिप्राला बसायला खुर्ची दिली, तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढे केली आणि ती खाईपर्यंत खाडीचं नावही काढलं नाही.

मग म्हणाले, "पोरीनी वाचून दावला मला. लाट बरी लिवलीव तुमी. मोठी. पन ती लाट हितं कशी येल? आत खाडीत?"

"मला वाटलं, भरतीला येत असेल."

"भरतीला पानी येतं. लाट नाय येत. पानी गुपचूप येतं. तुमी बोलत बसलाव ना, तं बोलता बोलता घोट्याला लागतं."

क्षिप्राने वही काढली. "चाचा, पण ही आजची खाडी. तीनशे वर्षांपूर्वी वेगळी असेल ना?"

"वेगली म्हंजे? माझ्याच देखत वेगली झालीय. बंदर झाला, भराव झाला, आता पानी दुसरीकडून वलतं. पयली हितं रेती होती, आता निसता चिखल." त्यांनी हात हलवला. "पन अष्टमीला भांग. त्यात बदल नाय. चंद्र काय कोनी भराव घालून हलवला नाय अजून."

सईदाने विजयी चेहऱ्याने क्षिप्राकडे बघितलं.

"तू पन गप," नाना तिला म्हणाले. "तू काय लिवलंस? होडी रुतंल. रिकामी होडी कशाला रुतंल? भांगाला पानी जास्त चढत पन नाय नि पुरता सुकत पन नाय. मधल्या पाटात कमरेला पानी ऱ्हातं. रिकामी होडी जाईल बरोबर."

सईदाचा चेहरा उतरला. "म्हणजे मीपण चूक?"

"होडीत काय भरलाय ते सांग आधी."

सईदाने पटकन पुस्तक उघडलं. पान बेचाळीसवर चित्र होतं. होडी, नावाडी आणि मिठाच्या गोण्या. तिने त्या मोजल्या. "नऊ गोण्या. आणि नावाडी. आणि मी."

"मंग रुतली," नाना म्हणाले.

साडेअकरा वाजले होते. सगळे बांधावर गेले. खाडी क्षिप्राने मनात रंगवली होती तशी अजिबात नव्हती. करडा, चकाकणारा चिखल दोन्ही बाजूंना पसरला होता आणि मधून पाण्याचा एक पट्टा संथ वाहत होता. रुंदी फार तर शंभर पावलं. पलीकडे खारफुटीची झाडं. थोडं वरच्या अंगाला एक मचवा चिखलात एका कुशीवर कलंडून बसला होता आणि त्यावर दोन माणसं निवांत विडी ओढत होती.

"त्यांना मदत नको?" क्षिप्राने विचारलं.

"कशाला? चार वाजता पानी येल, उचलंल त्याला."

क्षिप्राने चपला काढल्या, सलवार गुडघ्याच्या वर खोचली. सईदानेही चपला काढल्या. तेवढ्यात सबिहा पुढे आली.

"तू नाय जायचंस."

"अम्मी! मीच तर सांगितलं होतं!"

"सांगितलंस ना? झालं. पाण्यात नाय."

सईदाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नानांकडे बघितलं, पण ते काठी घेऊन उतरायला लागले होते. क्षिप्राला वाईट वाटलं. हा सगळा प्रवास त्या मुलीमुळे घडला होता. तिने आपली वही आणि पेन सईदाच्या हातात दिलं. "तू वेळ लिहून ठेव. आम्ही कुठे कधी पोचलो, पाणी कुठपर्यंत होतं. मला तिकडे लिहिता येणार नाही."

सईदाने वही घेतली, पण रुसवा गेला नाही. ती बांधावर मांडी घालून बसली.

अब्दुल्ला पुढे आणि क्षिप्रा मागे. जिथे ते पाय टाकतील तिथेच तिने पाय टाकायचा, असं ठरलं होतं. पहिल्या पावलाला चिखल घोट्यापर्यंत आला. थंड आणि लोण्यासारखा. चौथ्या पावलाला तिच्या पायाला काहीतरी टणक लागलं.

"दगड?"

"उतार हाय हा. खाडी पार करायची वाट. आमच्या बापजाद्यांनी दगड टाकलेत. मिठाच्या गोन्या डोक्यावर घेऊन बाया जायच्या हितून. वरून चिखल बसलाय, पन पायाला समजतं."

पायाला समजतं, हे क्षिप्राने मनात दोनदा म्हटलं, विसरू नये म्हणून.

"बारा वाजून चार मिनिटं!" बांधावरून सईदा ओरडली. "पाणी कुठपर्यंत?"

"गुडघा!" क्षिप्रा ओरडली.

पट्ट्याच्या मध्यावर पाणी कमरेच्या खाली वीतभर राहिलं. ओढ होती, पण पाय उपटून नेईल अशी नाही. तिने मनाशी हिशेब केला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हेच पाणी छातीला लागलं असतं. त्याने निरोपाची गुंडाळी डोक्यावर धरली असती. त्याला भीती वाटली असती, पण तो बुडाला नसता. पलीकडच्या काठावर पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं. बांध दूर दिसत होता आणि त्यावर सईदाचा एवढासा हिरवा ठिपका. तिला इतका आनंद झाला की तिने दोन्ही हात वर केले. ठिपक्यानेही केले.

येताना चूक झाली आणि ती क्षिप्राचीच होती. काठ वीस पावलांवर राहिला असताना तिला चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे दिसले. डोकं वर, डोळे बटणासारखे, आणि पुढच्या परांवर ते चक्क चालत होते.

"चाचा, हे काय?"

"निवटी."

तिला एक अगदी जवळून बघायचा होता. ती दोन पावलं डावीकडे सरकली. तिसऱ्या पावलाला तळ लागलाच नाही. उजवा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत गेला. तो काढायला तिने डाव्यावर जोर दिला, तर डावाही गेला.

ती ओढू लागली. जितकी ओढत होती तितका चिखल घट्ट होत होता, जणू खालून कुणी पाय धरले आहेत. पाणी कुठे आहे ते बघायला तिने मान वळवली. आत्तापर्यंत गुपचूप पडून असलेलं पाणी आता तिच्याकडे येतंय, असंच तिला वाटलं.

"खेचू नका!" अब्दुल्ला म्हणाले. ते दगडावरच उभे होते, एक पाऊलही पुढे आले नाहीत. "बसा."

"काय?"

"बसा खाली. चिखलात. मागे रेला. पलंगावर रेलतात तसा."

तिला ते वेड्यासारखं वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं. ती मागे रेलली. चिखल पाठीला, मानेला, केसांना लागला. आणि नवल म्हणजे ती आणखी खाली गेली नाही. चिखलाने तिला वर धरलं.

"आता पाय हलवा. वर नाय, गोल. हलू. पानी आत जाऊ द्या."

तिने पाय गोल फिरवायला सुरुवात केली. बांधावर आधी सईदाचं हसणं ऐकू येत होतं, मग ते थांबलं. सबिहाचा 'या अल्ला' ऐकू आला. मिनिट गेलं, दोन गेली. मग फसकन आवाज होऊन उजवा पाय सुटला, मागोमाग डावाही. अब्दुल्लांनी काठी लांब केली. ती धरून, पोटावर सरपटत, क्षिप्रा दगडांपर्यंत पोचली आणि तिथे हातापायांवर तशीच राहिली. मग हसायला लागली. हसताना रडूही येत होतं.

बांधावर सईदा वही छातीशी धरून उभी होती. पांढरीफटक.

"किती वेळ?" क्षिप्राने विचारलं.

सईदाने वही उघडली. "रुतलात बारा एकोणचाळीसला. सुटलात बारा चव्वेचाळीसला." मग हळूच म्हणाली, "मी हसले त्याचं सॉरी."

"पाच मिनिटंच?"

"पाचच. मला पण जास्त वाटली."

सबिहाने तिला अंगणात नळाखाली बसवून बादल्यांवर बादल्या ओतल्या आणि आपला एक ड्रेस घालायला दिला. निघताना क्षिप्राने अब्दुल्लांना विचारलं, "मी पुस्तकात लिहिलं होतं तसा माणूस मरतो का या खाडीत?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. "मरतो. पन लाटेनी नाय. आपल्याला सगलं म्हाईत हाय म्हनून वाट सोडतो नि मंग खेचत बसतो. माझा चुलतभाव गेला तसा. अंधार झाल्ता, बरोबर कोन नव्हता."

गाडीत क्षिप्राने वही उघडून बघितली. वेळांच्या ओळींच्या खाली सईदाने तिचं चित्र काढलं होतं. चिखलातून फक्त डोकं आणि दोन हात बाहेर.

सोमवारी ती नंदकुमारांच्या ऑफिसात गेली. भिंतीवर तिने तपकिरी कागदाचा तक्ता पसरला. पुस्तकाची सगळी पानं चौकोनांत आणि त्यांना जोडणारे बाण. नवे बाण हिरव्या पेनाने काढले होते. चालत जाणारा वाचक आता पान एक्कावन्नवर बुडत नव्हता, तिथे त्याला उताराचे दगड पायाला लागत होते. पुढे निवटी दिसत होती आणि नवा प्रश्न येत होता, वाट सोडायची का? सोडली तर चिखल, आणि चिखलात आणखी एक प्रश्न, पाय खेचणार की मागे रेलणार? होडीवाला वाचक गोण्यांसह अडकत होता आणि निरोप उशिरा पोचत होता.

नंदकुमारांनी चष्मा वर करून सगळे बाण बोटाने फिरून बघितले. दोन ठिकाणी थांबले. "हे रेलण्याचं खरं आहे?"

"मी रेलले म्हणून इथे उभी आहे."

"हं." ते खुर्चीत बसले. "आतली पानं बदलू. आठवडा उशीर होईल, होऊ दे. पण मुखपृष्ठाचं काय? यशराजने काढलेली ती लाट. दुसऱ्या आवृत्तीची मुखपृष्ठं छापून झालीत, ताई. गठ्ठे इथे मागे पडलेत."

क्षिप्राला ते माहीत नव्हतं. यशराजची लाट सुंदर होती. हिरवीकाळी, तिच्या पोटाशी एक चिमुकला निरोप्या. मुलं त्या लाटेमुळेच पुस्तक उचलत.

"लाट आत कुठेच नाही आणि बाहेर लाट," ती म्हणाली. "हे खोटं होईल."

"मग काय, गठ्ठे रद्दीत घालू?"

नंदकुमारांनी चहा मागवला. क्षिप्राने फोन काढून यशराजला लावला आणि सगळं सांगितलं. तो आधी हिरमुसला. मग म्हणाला, "मला आधी कुणी खाडीवर नेलंच नाही. तुम्ही सांगितलं लाट, मी काढली लाट." ते क्षिप्राला पटलं. तिने त्याची माफी मागितली. शेवटी मुखपृष्ठ तसंच ठेवायचं ठरलं, पण ते उघडल्या उघडल्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत एक मजकूर घालायचा. तो तिने तिथेच लिहिला.

'मुखपृष्ठावरची लाट या पुस्तकात नाही. पहिल्या आवृत्तीत होती. ती चूक होती. उरणची सईदा मुकादम हिने ती शोधली आणि तिचे नाना अब्दुल्ला यांनी दाखवून दिली. तुम्हाला या पुस्तकात आणखी चूक सापडली तर कळवा.'

"आणखी चुका कळवा?" नंदकुमार म्हणाले. "पत्रांचा पाऊस पडेल."

"पडू दे."

फेब्रुवारीच्या अखेरीला नवी आवृत्ती आली. क्षिप्रा पुस्तकं घेऊन सईदाच्या शाळेत गेली. सहावीचा वर्ग, चाळीस मुलं, आणि शेवटच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून अब्दुल्ला. सईदाने पहिलं पान वाचलं आणि तिचे कान लाल झाले. मग ती क्षिप्राच्या कानाशी लागली. "माझं नाव नानांच्या आधी आहे. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी बघितलंय."

क्षिप्राने गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. प्रत्येक प्रश्नाला वर्गाने हात वर करायचे आणि जास्त हात ज्या बाजूला, तिकडे जायचं. पान बेचाळीसवर सईदा तोंडावर हात ठेवून बसली, काही फोडायचं नाही म्हणून. सव्वीस हात होडीला पडले. क्षिप्राने पान उलटलं. होडी खाडीच्या मधोमध चिखलात बसली. 'निरोप उशिरा पोचतो. परत जाऊन दुसरी वाट घे.'

वर्ग हळहळला. पण खिडकीपाशी बसलेली जाई नावाची एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, परत कशाला जायचं? आपण होडीतच बसू ना."

"पण निरोप?"

"तो तर उशीर झालाच. पण पाणी येईपर्यंत होडीत काय होतं ते सांगा. चार तास काय करतात?"

क्षिप्राने पुस्तकाकडे बघितलं. त्या चार तासांचं पान तिने लिहिलेलंच नव्हतं. होडी अडकली म्हणजे तिच्यासाठी गोष्ट संपली होती. तिला त्या दुपारचा कलंडलेला मचवा आठवला, त्यावरची विडी ओढणारी माणसं. ती माणसं काय बोलत होती, हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

"मला माहीत नाही," ती वर्गाला म्हणाली. मग तिने मागच्या बाकाकडे बघितलं. "चाचा, तुम्ही अडकला होतात कधी?"

चाळीस माना मागे वळल्या. अब्दुल्ला आधी नको नको म्हणाले, मग उठून उभे राहिले, मग सईदाने हात धरून त्यांना फळ्यापाशी आणलं.

"लय वेला," ते म्हणाले. "पयल्यांदा अडकलो तवा मी पंधरा वर्सांचा होतो. तांडेल, म्हंजे मचव्याचा म्होरक्या, आमचा मोठा कडक मानूस. मचवा बसला तसा तो बोलला, चूल पेटवा."

"होडीत चूल?"

"होडीत चूल. मातीची. तांदूल होतं, कोलंबी होती. पन पानी प्यायचा संपलेला. मंग त्यानी माझ्याकडं बघितलं."

शाळेची घंटा झाली. बाहेरच्या वर्गांतून बाकं सरकल्याचे आवाज आले, व्हरांड्यातून पळापळ सुरू झाली. सहावीतलं कुणी उठलं नाही. क्षिप्रा जाईच्या बाकावर तिला सरकायला सांगून बसली.

"मंग?" कुणीतरी विचारलं.

"मंग काय, मी उतरलो चिखलात," अब्दुल्ला म्हणाले आणि त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.